ट्यूब ॲनिमोन पाळायचा तर आधी वाळू

ट्यूब ॲनिमोनसमोर उभा राहणारा प्रत्येक जण आधी त्याची शुंडके पाहतो. जांभळी, हिरवट, केशरी, टोकाकडे फिकट होत गेलेली, पाण्याच्या ओढीबरोबर एकाच दिशेला झुकणारी. दुकानदारही तेवढेच दाखवतो. पण हा प्राणी वर जेवढा दिसतो त्याहून कितीतरी जास्त वाळूखाली असतो. वर फुललेला मुकुट, खाली वीतभर किंवा त्याहून लांब शरीर, आणि त्या शरीराभोवती त्याने स्वतः तयार केलेली नळी. ही नळी शरीराच्याही खाली पुष्कळ खोल जाते. स्कॉटलंडच्या सागरी खाड्यांत, मऊ चिखलात राहणाऱ्या पॅकिसेरिअँथस मल्टिप्लिकेटस या जातीची नळी एक मीटरपर्यंत भरते. आपल्याकडे घरातल्या खाऱ्या टाकीच्या तळाला बहुतेक वेळा दोन इंच वाळू असते. ट्यूब ॲनिमोन घरी आणल्यावर काही महिन्यांत मरतो, याचे एक मोठे कारण या दोन मापांतली तफावत हे आहे. पाणी चांगले असते, खाणे वेळेवर मिळते, राहायला जागा मात्र मिळत नाही.

नावात ॲनिमोन असले तरी हा खऱ्या समुद्रफुलांपैकी नव्हे. दोघेही निडारिया संघातले, दंशपेशींनी भक्ष्य पकडणारे, प्रवाळांचे नातलग. पण कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत दिसणारे समुद्रफूल दगडाला घट्ट धरून असते, कारण त्याला सपाट, स्नायूंचा तळ असतो. ट्यूब ॲनिमोनला असा तळच नाही. त्याचे शरीर खाली निमुळते होत जाते आणि टोकाला एक बारीक छिद्र असते. दगडाला, काचेला तो चिकटू शकत नाही. दगडावर ठेवला तर आडवा पडून राहतो. शुंडकांची मांडणीही निराळी. बाहेरच्या वर्तुळात लांब शुंडके असतात आणि आत, तोंडाला लागून, आखूड शुंडकांचे दुसरे कडे असते. टाकीत एखादा प्राणी ओळखायचा असेल तर ही दोन कडी शोधावीत. खऱ्या समुद्रफुलात ती अशी वेगळी दिसत नाहीत. शास्त्रज्ञ या प्राण्यांना सेरिअँथारिया या स्वतंत्र गटात घालतात, आणि हा गट बाकीच्या प्रवाळवर्गीय प्राण्यांपासून फार पूर्वी वेगळा झालेला आहे.

तो किती वेगळा आहे याचा एक पुरावा २०१९ साली पुढे आला. ब्राझीलचे सर्जिओ स्टाम्पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ट्यूब ॲनिमोनच्या तंतुकणिकांमधला डीएनए वाचला. बहुतेक प्राण्यांत हा डीएनए एका छोट्या बंद कड्याच्या रूपात असतो. माणसात त्याची लांबी १६,५६९ अक्षरे. इसॅराक्नँथस नॉक्टर्नस या ट्यूब ॲनिमोनमध्ये तो कड्याऐवजी सुट्या, सरळ तुकड्यांत निघाला आणि त्याची एकूण लांबी ८०,९२३ अक्षरे भरली. तोपर्यंत कोणत्याही प्राण्यात एवढा मोठा तंतुकणिकीय डीएनए सापडला नव्हता. पाळणाऱ्याला याचा थेट उपयोग काही नाही, पण काचेआड काय बसले आहे याची कल्पना असलेली बरी.

पाळणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे नळी. निडारिया संघातल्या प्राण्यांच्या दंशपेशींत सूक्ष्म कुप्या असतात आणि कुपीत वळसे घातलेला धागा असतो. स्पर्श झाला की धागा बाहेर फेकला जातो, भक्ष्यात रुततो किंवा त्याला चिकटतो. १९७७ साली रिचर्ड मॅरिस्कल आणि सहकाऱ्यांनी ट्यूब ॲनिमोनमध्ये या रुतणाऱ्या आणि चिकटणाऱ्या कुप्यांखेरीज तिसऱ्याच प्रकारची कुपी असल्याचे दाखवले आणि तिला टायकोसिस्ट हे नाव दिले. हिच्यातला धागा वेटोळ्यात नसतो, लुगड्याच्या निऱ्यांसारखा घड्या घालून ठेवलेला असतो. त्याला काटे नाहीत, विष नाही. तो सुटतो, लगतच्या धाग्यांत गुंततो, त्यात श्लेष्म मिसळतो, वाळूचे आणि चिखलाचे कण अडकतात. असे असंख्य धागे एकावर एक बसून जाड, चिवट, कातड्यासारखे अस्तर तयार होते. बाहेरून ते खरखरीत आणि मळकट, आतून मात्र गुळगुळीत. आतून गुळगुळीत असण्याला कारण आहे. वर सावली पडली किंवा काचेवर टिचकी मारली तर प्राणी क्षणात आत ओढला जातो. तेवढ्या वेगाने मऊ शरीर खाली सरकायचे तर भिंत निसरडीच हवी. शत्रू येताच स्वतःला आकसून घट्ट मिटून घेणे खऱ्या समुद्रफुलाला जमते. याला ते तितके जमत नाही. याचा सगळा बचाव नळीत आहे. म्हणून नळी नसलेला ट्यूब ॲनिमोन उघडा, घाबरलेला आणि जखम होण्याच्या बेतात असलेला प्राणी असतो, मग त्याची शुंडके कितीही सुंदर फुललेली असोत.

या प्राण्याचा आणि मत्स्यालयाचा संबंध जुना आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांत समुद्राच्या पाण्याची काचपात्रे दिसू लागली. त्या पात्रांसाठी जिवंत प्राणी आणि समुद्राचे पाणी विकणारे एक दुकान विल्यम ॲल्फर्ड लॉइड लंडनमध्ये चालवत होते. १८५९ साली गॉसनी ब्रिटिश किनाऱ्यावरच्या एका ट्यूब ॲनिमोनचे वर्णन केले आणि त्याला सेरिअँथस लॉइडाय असे नाव दिले. एका समुद्री प्राण्याला मत्स्यालयवाल्याचे नाव मिळावे, हे मला फार योग्य वाटते. कारण लॉइड नुसते विक्रेते राहिले नाहीत. हॅम्बर्गचे १८६४ चे मत्स्यालय त्यांनी सांभाळले, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले १८७१ चे मत्स्यालय त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. दर्शनी टाक्यांखाली अंधारात पाण्याचा मोठा साठा ठेवायचा आणि पाणी सतत वरखाली फिरवत राहायचे, ही त्यांची पद्धत. आज खाऱ्या टाकीखालच्या कपाटात आपण जो सम्प ठेवतो, त्यामागे हाच विचार आहे. लहान पाण्यात चूक लगेच भोवते, मोठ्या पाण्यात ती सावरायला वेळ मिळतो.

आता वाळू. किमान वीतभर, म्हणजे आठ ते दहा इंच, आणि तीही बारीक: अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या कणांची. जाड, टोकदार प्रवाळचुरा घालू नये; निमुळते टोक त्यात शिरताना सोलवटून निघते. सगळ्या टाकीत एवढा थर घातला तर टाकीची उंची तिथेच संपते, शिवाय खोल वाळूत प्राणवायू पोहोचत नाही, काळे पट्टे पडतात आणि तो थर कधी उपसला तर सडक्या अंड्याचा वास येणारा विषारी वायू पाण्यात मिसळतो. म्हणून माझे मत असे, की प्राण्यापुरतीच खोली द्यावी. काचेचे किंवा अन्न साठवायच्या जाड प्लॅस्टिकचे उंच भांडे वाळूने भरून टाकीच्या कोपऱ्यात ठेवावे, समोर दगड रचले की ते दिसत नाही. दुसरा मार्ग पीव्हीसी पाइपचा. दोन-तीन इंच व्यासाचा, फूटभर लांबीचा तुकडा, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेला, खालच्या तोंडाला प्लॅस्टिकची जाळी. त्यात वाळू भरायची आणि तो तिरपा पुरायचा, म्हणजे वरचे तोंड वाळूच्या पातळीला येते. तिरपे ठेवल्यामुळे कमी उंचीत जास्त लांबी मिळते, आणि प्राण्याची तक्रार नसते; समुद्रातही नळ्या नेहमी सरळ उभ्या नसतात.

प्राणी सोडताना वाळूत बोटाने खड्डा करावा, निमुळते टोक त्यात ठेवावे, पंप बंद करावेत आणि हात काढून घ्यावा. हातात रबरी मोजे असावेत. पुढचे काम तो स्वतः करतो आणि ते पाहण्यासारखे असते. टोक आधी फुगते, मग बारीक होते, पुन्हा फुगते. प्रत्येक वेळी थोडे आत जाते. शरीरावरून वरून खाली लाटा जाताना दिसतात. काही तासांत अर्धे शरीर वाळूत जाते. नळी गमावून आलेला प्राणी असेल तर एक-दोन दिवसांत त्याच्याभोवती पातळ, पांढुरके, वाळूचे कण चिकटलेले आवरण दिसू लागते. ते नव्या नळीचे पहिले अस्तर. ते मळलेले दिसते म्हणून ओढून काढू नये. पुढेही नळीचा वरचा काठ वाळूबाहेर डोकावतो, त्यावर शेवाळ धरते, तोही तसाच राहू द्यावा.

पाण्याबाबत ट्यूब ॲनिमोन फार नखरेबाज नाही, पण नव्या टाकीत तो टिकत नाही. टाकी लावल्यावर जिवाणू स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू जमले की अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात. त्यानंतरही दोन-तीन महिने थांबावे असे मी सुचवीन. क्षारता दर हजारी ३५, म्हणजे सापेक्ष घनता सुमारे १.०२५, पीएच ८.१ ते ८.४, उष्ण कटिबंधातल्या जातींसाठी तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. भूमध्य समुद्रातला सेरिअँथस मेम्ब्रेनेशियस याहून थंड पाण्यातला, तो आपल्या घरांसाठी नव्हेच.

महाराष्ट्रात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. पुण्यात, नागपुरात त्या दिवसांत खोलीतच पारा तिशीच्या बराच वर असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्राण्यांची गरज मात्र वाढते. पाणी थंड ठेवणारा चिलर महाग आहे, पण खाऱ्या टाकीत तो चैनीत मोडत नाही. कोरड्या हवेत पाणीही भराभर उडते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून कमी झालेली पातळी आर.ओ.च्या गोड्या पाण्याने भरायची, मिठाच्या पाण्याने नव्हे. ही चूक इतक्या जणांकडून होते की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. मुंबईकरांना किनाऱ्यावरून पाणी आणायचा मोह होतो. शहराचे सांडपाणी आणि पावसाळ्यातला गोड्या पाण्याचा लोंढा लक्षात घेता तो टाळावा, बाजारातले समुद्री मीठ आर.ओ.च्या पाण्यात कालवून वापरावे. सजावटीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रपंखा तर मुळीच उचलू नये; वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना २००१ पासून संरक्षण आहे.

प्रकाशाचा खर्च मात्र वाचतो. प्रवाळांच्या आणि क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते, ते उजेडात अन्न तयार करते आणि यजमानाला त्यातला वाटा देते. ट्यूब ॲनिमोनमध्ये असे शैवाल नसते. त्याच्या अनेक जाती अंधारातच पूर्ण उमलतात. भारी निळे दिवे लावले की शुंडके चमकताना दिसतात खरी, पण प्राण्याला त्यातून काही मिळत नाही. उलट तीव्र उजेडात तो मिटलेला राहतो. मंद दिवा आणि सौम्य, सलग प्रवाह त्याला पुरतो. शुंडके हलकेच डोलली पाहिजेत, एका बाजूला आडवी पडता कामा नयेत.

शैवाल नाही म्हणजे सगळे पोषण आपल्या हातून. आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी, दिवे मंदावल्यावर, पंप थांबवून खायला घालावे. गोठवलेले मायसिस, पोषणयुक्त केलेले ब्राइन श्रिम्प, बारीक चिरलेली कोळंबी यावर तो चांगला जगतो. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा ओला जवळा आकाराने अगदी योग्य असतो. तो ताजा आणून आर.ओ.च्या पाण्यात धुवावा आणि लहान वड्या करून फ्रीझरमध्ये ठेवावा. सुकट नको. लांब पिपेटने एकेक कण बाहेरच्या शुंडकाच्या टोकाजवळ सोडावा. कण लागताच ते एकच शुंडूक टोकापासून वळते आणि मध्याकडे झुकते, बाकीची तशीच पसरलेली राहतात. मध्यावर आल्यावर आतली आखूड शुंडके कणावर मिटतात आणि तो तोंडाच्या फटीत सरकवतात. बाहेरचे शुंडूक मोकळे होऊन आपल्या जागी परतते. हे पाहिल्यावर दोन कड्यांची वाटणी चटकन समजते: बाहेरच्यांनी पकडायचे, आतल्यांनी भरवायचे. मोठा तुकडा दिला तर तो पुष्कळदा काही तासांनी उलटून बाहेर टाकतो आणि तो तुकडा वाळूत सडतो. म्हणून कण लहानच हवा.

उपासमार लवकर कळत नाही, हा या प्राण्याचा अवघड भाग. तो पटकन मरत नाही, आकसत जातो. रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. दर महिन्याला एकाच जागेवरून, तो पूर्ण फुललेला असताना फोटो काढावा, म्हणजे मुकुटाचा व्यास घटतो आहे का ते दिसते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: त्याला स्वतंत्र टाकी द्यावी. त्याची लांब शुंडके फूटभर व्यासात पोहोचतात आणि डंख जबर असतो. आवाक्यातले प्रवाळ जळतात. समुद्री घोडे, मँडरिन, छोटे गोबी, कोळंबी यांपैकी कोणीही रात्री त्यात अडकू शकते. उलट बाजूने फुलपाखरू मासे आणि एंजल त्याची शुंडके कुरतडतात, मोठे खेकडे नळीभोवतालची वाळू उकरतात. 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट २००३ साली आल्यापासून क्लाउनफिशबरोबर ॲनिमोन हवाच असे अनेकांना वाटते, आणि दुकानात स्वस्त मिळतो म्हणून ट्यूब ॲनिमोन गळ्यात मारला जातो. निसर्गात क्लाउनफिश ज्या समुद्रफुलांत राहतात त्यांत ट्यूब ॲनिमोन नाही.

निसर्गातले त्याचे शेजारी वेगळेच आहेत. फोरोनिस ऑस्ट्रेलिस नावाचे काळसर, कृमीसारखे प्राणी त्याच्या नळीच्याच भिंतीत वस्ती करतात; विकत आणलेल्या नळीवर ते दिसले तर घाबरू नये, ते पाण्यातले कण गाळून खातात. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर डेंड्रोनोटस आयरिस ही समुद्री गोगलगाय पॅकिसेरिअँथस फिम्ब्रिएटस या ट्यूब ॲनिमोनच्या शुंडकांवर जगते. ती नळीपाशी येते, पुढचा भाग उचलून झेप घेते आणि शुंडके तोंडात धरते. ॲनिमोन दचकून आत जातो तेव्हा कधीकधी गोगलगायही त्याच्याबरोबर नळीत ओढली जाते. थोडी शुंडके खाऊन ती बाहेर पडते, ॲनिमोन जगतो, शुंडके पुन्हा वाढतात. आपली अंडीही ती त्याच्याच नळीवर घालते. शुंडके तुटली तरी हा प्राणी सावरतो, हे पाळणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. शरीराचा खालचा भाग फाटला तर मात्र वाचणे कठीण.

या वर्गातले प्राणी किती जगू शकतात? सर जॉन ग्रॅहम डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक लाल समुद्रफूल एडिंबरोत काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत. डॅलिएल १८५१ साली वारले, समुद्रफूल त्यांच्यानंतर छत्तीस वर्षे टिकले. ते खरे समुद्रफूल होते, ट्यूब ॲनिमोन नव्हे; पण ट्यूब ॲनिमोनही वर्षानुवर्षे जगणारा प्राणी आहे. आपल्या टाकीत तो सहा महिन्यांत गेला तर वय झाले म्हणून गेला असे म्हणता येणार नाही.

त्यातून बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक ट्यूब ॲनिमोन समुद्रतळातून खणून काढलेला असतो. त्याची पिल्ले दीर्घकाळ प्लवकांबरोबर खुल्या समुद्रात तरंगत वाढतात, त्यामुळे व्यापारी प्रजनन अजून होत नाही. खणताना नळी तुटते, टोक दुखावते. म्हणून दुकानात गेल्यावर रंग नंतर पाहा. प्राणी नळीसकट आहे का ते पाहा. नळी नसेल तर निमुळते टोक अखंड आहे का, शरीरावर चीर नाही ना, तोंड सैल उघडे पडलेले नाही ना, हे तपासा. तो दुकानात येऊन किती दिवस झाले ते विचारा, आणि दोन आठवडे उलटलेले नसतील तर थांबा. मग दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला एक कण खायला घालायला सांगा. शुंडूक वळून कण तोंडापर्यंत गेला तरच पैसे द्या.